भाव कोणाशी करावा?

घासाघीस या शब्दाला आमच्या घरात कधी प्रतिष्ठा नव्हती. घासाघीस मात्र रोज होत असे. बेळगावच्या गणपत गल्लीत रस्त्याकडेला बसलेल्या भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी पाच मिनिटे वाद घालण्यात आमच्या कुटुंबात कोणालाही कधी संकोच वाटला नाही. परंतु तेच आम्ही सराफाच्या पेढीवर, कापडाच्या मोठ्या दुकानात किंवा काचेच्या दाराआड थंड हवेत बसलेल्या विक्रेत्यापुढे गेलो, की आमची वाचाच बंद होई. दुकान जितके मोठे तितके आम्ही मुके, हा जणू आमचा कुलाचारच होता. या कुलाचाराची किंमत किती पडते, हे आम्हांस मोटार घेताना कळले. आणि तेही एकदा नव्हे, दोनदा मोटार घेतल्यावर कळले. तो अनुभव वाचकांपैकी कोणाच्या उपयोगी पडेल, या भरवशावर येथे सांगत आहोत.

पहिली मोटार आम्ही २००९ सालच्या फेब्रुवारीत घेतली. विक्रेत्याने एक आकडा सांगितला, आम्ही मान डोलावली. त्या आकड्यात काय काय आले आहे, हे विचारणे आम्हांस असभ्यपणाचे वाटले. विमा त्यानेच उतरविला, कर्जही त्यानेच मिळवून दिले, आणि 'हाताळणी खर्च' या नावाखाली साडेचार हजार रुपयेही त्यानेच लावले. आम्ही पेढे वाटले, गाडीला हार घातला, लिंबे चिरडली. महिन्याभराने नोंदणीपुस्तक हाती आले, तेव्हा त्यात उत्पादनाचा महिना म्हणून मार्च २००८ छापलेला दिसला. जवळजवळ एक वर्ष कोठल्या तरी आवारात ऊनपाऊस खात उभी राहिलेली गाडी आम्ही नवी म्हणून, नव्याच्याच पूर्ण किमतीला, वर आभार मानून आणली होती! तक्रार तरी काय करावी? विक्रेता खोटे बोलला नव्हता. आम्ही विचारलेच नव्हते. पुढे २०२४ साली ती गाडी विकावयास काढली, तेव्हा घेणाऱ्याने वय मोजले ते उत्पादनाच्या वर्षापासून. मौनाचे व्याज आम्ही पंधरा वर्षांनी पुन्हा एकदा भरले.

आमच्या पिढीची बाजू मांडावयाची तर एवढेच म्हणता येईल, की मोटारीचा भाव करण्याचे शिक्षण आम्हांस कोणी दिलेच नाही. आमच्या लहानपणी अँबॅसडर किंवा फियाट घेणारा मनुष्य नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत बसे. ज्याचा क्रमांक आधी लागे, तो वरकड पैसे घेऊन आपला हक्क दुसऱ्यास विकी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तरी प्रथम काही वर्षे तिच्यासाठीही तीच रांग होती. त्या काळी गाडी मिळणे हीच कृपा. देवळात प्रसाद घेताना कोणी वजन करून घेत नाही, तद्वत कोणी भाव करीत नसे. पुढे काळ पालटला. गाड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि गिऱ्हाइकाची वाट पाहू लागल्या. आम्ही मात्र मनाने अद्याप त्या जुन्याच रांगेत उभे होतो.

दुसरी मोटार घेण्याचा विचार २०२५ च्या पावसाळ्यात निघाला. त्याचे कारण आमच्या मातोश्री. त्यांचे वय पंच्याऐंशी. गुडघे थकलेले, चोर्ला घाटातून एस. टी.ने गोव्यास जाणे आता त्यांस अशक्य. मंगेश हे आमचे कुलदैवत. माघातील जत्रेला एकदा तरी दीपस्तंभापाशी उभे राहावयाचे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. भाड्याच्या गाडीने नेता आले असते. परंतु वैद्याकडे, बँकेत, देवळात, प्रत्येक ठिकाणी त्यांस न्यावयाचे तर घरची गाडी हवी, असे सर्वांचे मत पडले. हाताशी निवृत्तीच्या रकमेतले काही पैसे होते आणि तीन लाखांचे कर्ज काढण्याची तयारी होती. त्यापलीकडे एक रुपयाही ओढण्यासारखा नव्हता. या खेपेस मुके राहणे परवडणारे नव्हते, ते यामुळे.

भाद्रपदात आम्ही पहिली चौकशी केली. त्याच सुमारास, ३ सप्टेंबर २०२५ रोजी, लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर कमी करण्याचा निर्णय झाला. चार मीटरच्या आतील, बाराशे सी. सी.पर्यंतच्या पेट्रोल गाडीवर पूर्वी २८ टक्के कर व १ टक्का उपकर असे. तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, १८ टक्के झाला. सात लाखांच्या गाडीत सुमारे साठ हजारांचा हा फरक. घटस्थापनेनंतर आम्ही गेलो, तेव्हा विक्रेत्याने मोठ्या औदार्याने सांगितले, "सर, तुमच्यासाठी साठ हजार कमी केले आहेत." आम्ही क्षणभर गहिवरलो, आणि मग ध्यानात आले, की हे तर सरकारने सोडलेले पैसे! करातील घट ही विक्रेत्याची सवलत नव्हे. नवी छापील किंमत हाच आरंभ धरावयाचा आणि सवलत मागावयाची ती तिच्यापुढे. येथे आमचा पहिला धडा पुरा झाला.

दुसरा धडा असा, की मोटारीची किंमत ही एक वस्तू नव्हेच. ते सहा-सात वस्तूंचे गाठोडे आहे, आणि विक्रेता ते गाठोडे सोडून दाखविण्यास नाखूष असतो. या खेपेस आम्ही एकच हट्ट धरला: "प्रत्येक रक्कम निराळी लिहून कागद द्या." तोंडी आकड्याला आम्ही उत्तरच देईनासे झालो. बेळगावातील दोन विक्रेते आणि हुबळीतील एक, अशा तिघांकडून असे कागद आणले. त्यांतील पहिला कागद येथे उतरवून देतो. एक्स-शोरूम किंमत ६,४०,०००, आजीव वाहनकर ९९,५००, विमा ४१,०००, शोभेचे व सोयीचे सामान २४,०००, वाढीव हमी १४,०००, हाताळणी खर्च ७,५००, फास्टॅग व किरकोळ १,०००. एकूण ८,२७,०००.

आता यांपैकी कोणती रक्कम हलते आणि कोणती हलत नाही, हे पाहावे. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरविते. एकाच शहरातील सर्व विक्रेत्यांकडे ती सारखीच. तीवर सवलत मिळते ती काही अंशी कंपनीच्या चालू योजनेतून आणि काही अंशी विक्रेत्याच्या स्वतःच्या नफ्यातून. योजना कोणती, हे स्पष्ट विचारल्याखेरीज कोणी आपण होऊन सांगत नाही. आजीव कर सरकारात जातो. त्यात घासाघिशीला जागा नाही. विम्याचे मात्र दोन भाग आहेत. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय-पक्ष विमा सक्तीचा आहे, आणि त्याचा दर सरकार ठरवीत असल्याने तो सर्वत्र एकच. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेता येतो, आणि तो विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असे बंधन कोठेही नाही. आम्ही बाहेर चौकशी केली, तेव्हा तोच विमा, तेवढ्याच रकमेचा आणि त्याच अटींचा, एकोणतीस हजारांत मिळत होता. हाताळणी खर्चाबद्दल विचारले, तेव्हा विक्रेत्यापाशी सांगण्यासारखे काहीच नव्हते. कारखान्यातून दुकानापर्यंत गाडी आणण्याचा खर्च छापील किमतीत आधीच धरलेला असतो. तो पुन्हा मागणे म्हणजे एकाच श्राद्धाची दक्षिणा दोनदा घेणे होय.

कर्जाच्या बाबतीतही असाच एक गोड प्रश्न आम्हांस विचारण्यात आला: "दरमहा हप्ता किती झेपेल?" हा प्रश्न वरवर सहानुभूतीचा, परंतु हप्त्याच्या पडद्याआड किंमत दिसेनाशी होते. तीन लाखांचे कर्ज दरसाल ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ६,२३० रुपये येतो. सात वर्षांसाठी घेतले, तर ४,८३० च्या आसपास. दुसरा हप्ता हलका खरा, पण एकूण परतफेड सुमारे ३२ हजारांनी अधिक. किंमत ठरेपर्यंत कर्जाविषयी बोलावयाचे नाही, असे आम्ही ठरविले. आणि कर्ज काढले ते आमचे खाते असलेल्या बँकेतून.

याच सुमारास एक मोह समोर आला. तो सांगितल्याखेरीज हा वृत्तांत प्रामाणिक होणार नाही. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या मोटारीवर आजीव कर १४ टक्के, आणि त्या करावर पुन्हा उपकर. गोव्यात तो बराच कमी. फोंड्याचे आमचे मेहुणे आपुलकीने म्हणाले, "गाडी आमच्या पत्त्यावर घ्या. गोव्याचा नंबर लागेल, पैसे वाचतील. सीमेवरची निम्मी माणसे हेच करतात." हिशेब मोहक होता. कायदा असा आहे, की गाडी जेथे नेहमी राहावयाची तेथेच तिची नोंदणी करावी. आणि परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा क्रमांक घ्यावा, तेथील कर भरावा. आम्ही दोन रात्री विचार केला. शिक्षेच्या भयाने नव्हे, तर निराळ्याच कारणाने आम्ही नकार दिला. ज्या गाडीतून कुलदेवाच्या दर्शनास जावयाचे, तिच्या पहिल्याच कागदावर खोटा पत्ता लिहावयाचा, हे मनाला पटेना. विक्रेत्याने हाताळणी खर्च लावला तर तो लबाड, आणि आम्ही पत्ता बदलला तर ते चातुर्य, असे कसे म्हणता येईल? भाव करणे म्हणजे फसवणूक न होऊ देणे, फसविणे नव्हे.

नवरात्रात आणि दसऱ्याला गाडी घेण्याचा प्रश्नच नव्हता. कर उतरल्याने दुकानांत जत्रा लोटली होती. जेथे गिऱ्हाइके रांगेत, तेथे सवलत कोण देतो? आणि मुहूर्ताला आपण सारेच जातो, हे विक्रेत्याला आपल्याइतकेच ठाऊक असते. पितृपक्षात आणि पौषात त्याच्या दुकानी शुकशुकाट असतो, हेही त्याला तितकेच ठाऊक. शिवाय डिसेंबरअखेर वर्ष बदलते. त्या वर्षी तयार झालेली गाडी जानेवारीत एका दिवसात 'गेल्या वर्षीची' होते, म्हणून ती ३१ डिसेंबरपूर्वी विकली जावी अशी त्याची निकड असते. २०२५ साली डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पौष लागला. पौष आणि वर्षअखेर एकत्र आली, म्हणजे विक्रेत्यासाठी दुहेरी ओहोटी. आम्हांस मात्र गाडी पुढची दहा-पंधरा वर्षे वापरावयाची होती. ती २०२५ ची असण्याने आमचे विशेष बिघडत नव्हते. तिचा महिना ठाऊक असावा आणि त्याचा मोबदला भावात मिळावा, एवढेच पुरे होते.

प्रश्न उरला तो पौषाचा. मातोश्री पौषात नवी वस्तू घरात आणू देणार नाहीत, याची आम्हांस खात्री होती. भीतभीत विषय काढला. त्या हसल्या. गाडी घरी येण्याला मुहूर्त पाहावयाचा, भाव ठरविण्याला कसला मुहूर्त, असा त्यांचा सवाल. मग आमची दुसरी अडचण त्यांनी आमच्या चेहऱ्यावरच वाचली. त्या म्हणाल्या, "पुता, विचारपाक लज कित्याक? पयशे तुजेच न्हय?" आयुष्यभर मेथीच्या जुडीवरून भांडलेल्या आमच्या आईने हा प्रश्न असा सहज विचारला, की आमच्या साऱ्या कुलीन संकोचाचे पितळ उघडे पडले.

वर्ष संपण्यास तीन दिवस उरले असताना आम्ही बेळगावातील विक्रेत्याकडे गेलो. सोबत हुबळीचा कागद आणि विम्याचा कागद होता. आवाज न चढवता, वाद न घालता, एकेका रकमेवर बोट ठेवून विचारले. हाताळणी खर्च पहिल्या पाच मिनिटांत गेला. विमा बाहेरच्या दराने देण्यास ते तयार झाले. सामानाच्या यादीतून पायाखालच्या चटया आणि चिखलरोधक एवढेच ठेवले. ते चार हजारांत बसले. वाढीव हमी आम्ही ठेवली, कारण घाटातील प्रवास आणि वृद्ध माणूस सोबत. छापील किमतीवर कंपनीच्या योजनेचे वीस हजार कमी झाले. विक्रेत्याच्या स्वतःच्या वाट्यातून काही निघेना. तेव्हा आम्ही नमस्कार केला आणि उठलो. उठणे हे नाटक असेल तर ते ओळखू येते. आमचे नाटक नव्हते. हुबळीस जाण्याची आमची खरोखरच तयारी होती. त्या दिवशी कोणी मागे बोलावले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला: आणखी बारा हजार कमी.

अंतिम कागद ७,५५,५०० चा झाला. पहिल्या आकड्याहून साडेएकाहत्तर हजारांनी कमी. यांतील खरी 'सवलत' अवघी बत्तीस हजारांची होती. उरलेले साडेएकोणचाळीस हजार वाचले ते नको असलेल्या वस्तूंना नको म्हटल्याने. आपण ज्याला भाव करण्याची कला म्हणतो, तिचा मोठा अर्धा भाग म्हणजे केवळ कागद वाचणे होय.

कागदावर सही करण्यापूर्वी मेहुण्यांचा फोन आला: "अजून ताणा, सीटकव्हरे फुकट मागा." समोर विक्रीचे काम करणारा पोरसवदा तरुण बसला होता. त्याने संकोचून सांगितले, की गाडीच्या किमतीत त्याचे काही नसते. सामान व विमा विकला तर त्याला चार पैसे मिळतात, आणि आमच्या व्यवहारात त्याचा महिना कोरडाच गेला. आम्ही सीटकव्हरे फुकट मागितली नाहीत. ती हवीच होती. त्याच्याकडून सांगितल्या दराने, निराळी पावती करून घेतली. वाचकांपैकी कोणी याला दौर्बल्य म्हणेल. आम्हांस मात्र वाटते, की घासाघीस संस्थेशी करावी. जो तिच्या दारात पगारावर उभा आहे, त्याच्या ताटातून काढून घेण्यात पुरुषार्थ नाही.

बिल ३१ डिसेंबरला झाले. त्यापूर्वी आम्ही आवारात जाऊन, दिवसाउजेडी, नेमकी तीच गाडी पाहिली; चासी क्रमांक टिपून घेतला आणि बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहिला. विक्रीच्या प्रमाणपत्रात, ज्याला नमुना २१ म्हणतात, उत्पादनाचा महिना व वर्ष लिहिलेले असते. तेथे ऑक्टोबर २०२५ होते. २००९ साली आम्ही हा एक कागद मागितला असता, तर पुढचा पश्चात्ताप वाचला असता. गाडी घरी आली ती वसंतपंचमीला, २३ जानेवारी २०२६ रोजी. माघी पौर्णिमेला, १ फेब्रुवारीस, मातोश्री मंगेशीच्या दीपस्तंभापाशी उभ्या होत्या. त्यांनी काय मागितले ते आम्ही विचारले नाही; परतताना चोर्ल्यात त्या झोपी गेल्या होत्या, आणि झोपेतही त्यांच्या हातातील प्रसादाची पुडी घट्ट होती.

चार दिवसांनी गणपत गल्लीत आम्ही भाजीवालीपाशी उभे राहिलो. तिने मेथीची किंमत सांगितली. जिभेवर सवयीचा आकडा आला होता. तो गिळून आम्ही मागितले तेवढे पैसे दिले. घरी येऊन हे मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, की जुडी लहान आहे, दोन रुपये तरी कमी करून घ्यावयाचे! असो. पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांना बदलण्याचा आमचा विचार नाही. आमच्यापुरता मात्र आम्ही निश्चय केला आहे: काचेच्या दाराआड गेल्यावर प्रत्येक रक्कम विचारावयाची, आणि रस्त्याकडेला बसलेल्या माणसापुढे मुके व्हावयाचे.